गोलकीपरचं वाक्य

छोटी चाळिशीला टेकली होती, तरी घरात ती छोटीच होती. हे नाव ऑफिसात कुणी नेलं देव जाणे, पण तिथेही ती छोटीच झाली. ती एका कंप्युटर गेमसाठी वाक्यं लिहायची. गेम फुटबॉलचा होता, पण त्यात चेंडूला लाथ मारायची नसे. खेळणारा माणूस संघाचा मॅनेजर व्हायचा. तो खेळाडू विकत घ्यायचा, कुणाला उतरवायचं ते ठरवायचा, हरला की मालकांची बोलणी खायचा, आणि मॅच झाली की पत्रकारांसमोर बसायचा. या शेवटच्या भागातला शब्दन् शब्द छोटीच्या हातचा होता. प्रश्न तिचे आणि उत्तरंही तिचीच.

आणि गेममधला सगळ्यात नावडता भाग कुठला, तर हाच.

खेळणारे हौसेने तक्रारी लिहून पाठवत. एकाने कळवलं होतं की पत्रकार परिषद आली की मी चहा टाकायला उठतो, माझ्या असिस्टंटलाच बसवतो तिथे. दुसऱ्याचं म्हणणं, जो खेळाडू मी मागच्या हंगामात विकला त्याच्या तब्येतीची चौकशी तुमचा पत्रकार अजून करतोय, त्याला कुणीतरी सांगा. एक तर म्हणाला की मी फायनल जिंकलो आणि तुमच्या पत्रकार बाईंनी मला विचारलं, पराभवातून काय शिकलात. छोटी हे सगळं वाचायची, वरवर हसायची आणि आतून खजील व्हायची.

तिच्या विभागाच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणत, कारण तो साध्या मीटिंगमध्येही मॅचच्या आधी बोलावं तसा बोलायचा. नव्या आवृत्तीच्या तयारीला लागताना त्याने जाहीर केलं की यंदा मैदानावरचं गवत आणि प्रेक्षकांचे आवाज बाजूला, यंदा पत्रकार परिषद सुधारायची. छोटीकडे वळून तो म्हणाला, "प्रश्न असा हवा की खेळणाऱ्याचा हात माउसवर थांबला पाहिजे. काय दाबू, याचा घाम फुटला पाहिजे."

छोटीने मान डोलावली. तिच्या शेजारच्या टेबलावर गणित्या बसायचा. तो प्रोग्रॅमर. छोटीने लिहिलेल्या प्रत्येक उत्तराला आकडे लटकवायचं काम त्याचं. हे उत्तर दिलं तर खेळाडूंचा विश्वास इतका वाढेल, मालकांची मर्जी इतकी उतरेल. कमी बोलणारा आणि खाली मान घालून काम करणारा माणूस होता. तो हळूच म्हणाला, "आकडे मी कितीही लावीन हो, पण वाक्यात जीव हवा."

जीव कुठून आणायचा? छोटीने खऱ्या पत्रकार परिषदांची रेकॉर्डिंग्ज पाहिली, जुनी वर्तमानपत्रं चाळली. लिहून काढलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं की उकडलेल्या कागदासारखं लागायचं. आणि मग तिला वाटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा. आपले दाजी आहेत की.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. दुसऱ्या श्रेणीतल्या एका फुटबॉल क्लबचा कोच. ताईचं लग्न झालं तेव्हा छोटी शाळेत होती, आणि आई नव्हती, त्यामुळे ताईच्या संसारात ती पाठराखीण म्हणून गेली ती कॉलेज संपेपर्यंत तिथेच राहिली. दाजींनी तिला सायकल शिकवली, गणितात नापास झाली तेव्हा ताईपासून लपवून प्रगतिपुस्तकावर सही केली. तिच्या नोकरीला सगळे हसत असताना तेच एकटे म्हणाले होते की बोलायला शिकवणं हे काम सोपं नाही, मला अजून जमत नाही.

त्या रविवारी ती ताईकडे जेवायला गेली, तेव्हा दाजींचा संघ आदल्या दिवशी हरला होता. अगदी शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन. जेवण झाल्यावर ताई जरा आडवी झाली आणि दाजी बाल्कनीत बूट साफ करत बसले. छोटी खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसली. तिने सरळच सांगितलं की ऑफिसात पत्रकार परिषदेचं काम चाललंय, काही सुचत नाहीये, तुम्हाला लोक काय विचारतात, तुम्ही काय सांगता, ते सांगा ना.

दाजींनी हातातला बूट उलटा करून माती झाडली. मग म्हणाले, "काल मी खोटं बोललो."

काल त्यांना विचारलं होतं की चेंडू एवढा समोरून आला, तर गोलकीपर पुढे का नाही आला? दाजींनी सांगितलं होतं की ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं. ऊन होतंच, पण कारण ते नव्हतं. गोलकीपरला सगळे लंबू म्हणत. ताडमाड उंच, बावीस-तेविशीचा, लाजाळू. काही आठवड्यांपूर्वी असाच एक चेंडू अडवायला तो धावत पुढे आला होता आणि त्याचा गुडघा समोरच्या खेळाडूच्या जबड्यावर बसला होता. तो खेळाडू अजून नळीने जेवत होता. चूक लंबूची नव्हती, पंचानेही तसंच म्हटलं. पण तेव्हापासून लंबूचे पाय गोलच्या रेषेला चिकटले. कालच्या मॅचआधी तो दाजींना बोळात गाठून म्हणाला की सर, आज मला नका उभं करू.

"काय म्हणाला माहितीये?" दाजी बुटाकडेच बघत होते. "म्हणाला, मी पुढे आलो की कुणीतरी मोडतं. मला वाटतं, गोल झालेला बरा."



दुसरा गोलकीपर तापाने पडला होता. दाजींनी लंबूच्या पाठीवर थाप मारली, सांगितलं की भीती सगळ्यांनाच वाटते, जा. आणि तो गेला. बाकी जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंच होतं. दाजी म्हणाले की पोराने विश्वासाने सांगितलं आणि मी ते कानाआड केलं, आणि वर उन्हाचं नाव पुढे केलं. एवढं बोलून त्यांनी बूट खाली ठेवले आणि विषय बदलला. हे कुणाला सांगू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. घरच्या माणसाला तसं सांगावं लागतं, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

पुढे या एका गोष्टीचा छोटीने फार आधार घेतला. ते तसं म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या तिचा हात चालायला लागला. आधी तिने स्वतःला समजावलं की नुसता सांगाडा घेऊ, बाकी सगळं बदलू. गेममध्ये संघाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, गोलकीपर कुणीही असू शकत होता. शेवटच्या मिनिटांत गोल खाल्ला की पत्रकार विचारणार: मॅचआधी तुमच्या गोलकीपरने तुम्हाला सांगितलं होतं का, की मला उभं करू नका? उत्तरं तीन. एक, उन्हाचा त्रास होता. दोन, हो, सांगितलं होतं, आणि काय म्हणाला तेही सांगतो. तीन, हा प्रश्न त्यालाच विचारा. दुसरं उत्तर दाबलं की मॅनेजर गोलकीपरचे शब्द पत्रकारांना ऐकवायचा. तिथे छोटी अडली. तिने त्या वाक्याच्या जागी आठ-दहा वाक्यं करून पाहिली. सगळी लंगडी. शेवटी तिने लंबूचंच वाक्य जसंच्या तसं ठेवलं, आणि मनाशी म्हणाली, नंतर बदलू.

नंतर कधी येत नसतं.

गणित्याने ते दोनदा वाचलं. हे कुठून सुचलं, असं त्याने विचारलं. "सुचलं असंच," छोटी म्हणाली, आणि पाणी प्यायला उठली. दुसऱ्या उत्तराला त्याने खेळाडूंच्या विश्वासाचा मोठा आकडा लावला. खरं बोलणाऱ्या मॅनेजरवर संघ विश्वास टाकणार, हे उघडच होतं. कप्तानाने मीटिंगमध्ये तो सगळा प्रसंग मोठ्याने वाचून दाखवला. लंबूचं वाक्य आलं तेव्हा खोली चिडीचूप झाली, आणि मग टाळ्या पडल्या. छोटीला आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी टाळ्या मिळाल्या होत्या. तिचे कान गरम झाले. त्यात अभिमान किती आणि दुसरं काय किती, हे तिने तपासून पाहिलं नाही.

गेमची नवी आवृत्ती बाहेर पडली आणि लोकांनी तो प्रसंग डोक्यावर घेतला. चहा टाकायला उठणाऱ्याने लिहिलं की यावेळी चहा उतू गेला. त्या पत्रकार परिषदेचे व्हिडिओ फिरायला लागले. गोलकीपरच्या वाक्यावर कुणी गंभीर संगीत लावलं, कुणी विनोदी. शाळेतली पोरं एकमेकांना म्हणायला लागली, मी पुढे आलो की कुणीतरी मोडतं. छोटी ते सगळं बघायची आणि दाजींना फोन करायचं टाळायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

ताईचा फोन दुपारी आला, छोटी ऑफिसच्या जिन्यात उभी असताना.

"तू काय लिहिलंस गं?" ताईने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. छोटी पायरीवर बसली.

ताईने जे सांगितलं ते असं. मॅचला जाताना बसमध्ये पोरं फोनवर त्या गेमचे व्हिडिओ बघत होती. मागच्या सीटवरून एकाने ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि सगळे हसले. लंबू खिडकीशी बसला होता. त्याने फोन मागून घेतला, वाचला, परत दिला. नंतर दाजींपुढे उभा राहून तो एवढंच म्हणाला की सर, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. दाजींना काही कळेना. मग त्यांनीही तो फोन मागितला. वाचल्यावर त्यांना सगळंच कळलं. पोराने विचारलं की तुम्ही कुणाला बोललात? दाजी म्हणाले, बोललो, चुकलं माझं. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. लंबूने हातमोजे त्यांच्या मांडीवर ठेवले आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

"बसमधलं सगळं सांगितलं, पण कुणाला बोलले ते मलाही सांगितलं नाही," ताई म्हणाली. "मी शेजारच्या पोराकडे गेम पाहिला आणि मला कळलं. त्या रविवारी बाल्कनीत त्यांच्यापाशी बसून ऐकलेलं बाहेर कोण नेणार, तूच ना?"

छोटीने सांगायचा प्रयत्न केला की नाव नव्हतं कुणाचं, गाव नव्हतं. बोलता बोलताच तिला आपल्या आवाजाची किळस आली. ताई तिचं बोलणं संपेपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कुणाला बोलू?" फोन ठेवला गेला.

छोटीने ठरवलं की दाजींना समोर जाऊन भेटायचं. पुढची मॅच घरच्या मैदानावर होती. ताईच्या ओळखीने दारावर तिला नेहमी आत सोडत. मॅचच्या आधी भेट झाली नाही, म्हणून ती मॅचनंतर पत्रकारांच्या खोलीत जाऊन मागच्या रांगेत बसली. खोली लांबट होती, छताला पांढऱ्या नळ्यांचे दिवे, पुढे टेबल आणि त्यावर माइक. लंबू त्या दिवशी राखीव बाकावर होता. मागे तापाने पडलेला तो दुसरा गोलकीपर खेळला होता आणि मॅच बरोबरीत सुटली होती. क्लबच्या रिवाजाप्रमाणे दाजी एका खेळाडूला सोबत घेऊन आले, आणि तो खेळाडू नेमका लंबू होता. त्याला लपवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून दाजींनी मुद्दाम आणलं असावं. लंबू खुर्चीत मावत नव्हता. गुडघे टेबलाला लागत होते.

सुरुवातीचे प्रश्न सरळ होते. मग पुढच्या रांगेतला एक पत्रकार, गुळगुळीत दाढी केलेला, हसत उठला. नेहमीचा गोलकीपर बाहेर का, हे विचारायचं होतं, पण ते त्याने असं विचारलं:

"मॅचआधी तुमच्या गोलकीपरने तुम्हाला सांगितलं होतं का, की मला उभं करू नका?"

तो गेममधलाच प्रश्न होता, शब्दन् शब्द. त्याला खरं काही माहीत नव्हतं, तो गंमत करत होता. खोलीत खसखस पिकली. ज्यांनी गेम खेळला होता ते हसले, आणि त्यांना बघून बाकीचेही. लंबूच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढत गेलेलं छोटीला मागच्या रांगेतून दिसलं.

 दाजींची नजर खोलीभर फिरली आणि छोटीवर येऊन थांबली. क्षणभरच. त्या नजरेत राग असता तर छोटीला उठता आलं असतं. ती आली आहे हे बघून दाजींना थोडं बरं वाटलं होतं, तसंच काहीतरी त्या नजरेत होतं.

आता उभं राहायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की हे वाक्य मी लिहिलं, माझ्या दाजींच्या तोंडून ऐकून, त्यांना न विचारता. छोटीच्या जिभेवर ते आलंही होतं. आणि तिने काय केलं, तर मांडीवरची पर्स उघडली आणि त्यात काहीतरी शोधायला लागली. किल्ल्या, रुमाल, चष्म्याची डबी. डोकं पर्समध्ये घालून ती शोधत राहिली.

दाजींचा आवाज तिने तसाच, मान खाली घालून ऐकला. "मागे मी उन्हाचं कारण दिलं होतं," ते म्हणाले. "ते खोटं होतं. त्या गोलची जबाबदारी माझी. राहिलं याच्या आणि माझ्यातलं बोलणं. ते एकदा माझ्याकडून बाहेर गेलं, ते जायला नको होतं. आता परत जाणार नाही."

कुणीतरी विचारलं की म्हणजे तो प्रसंग खरा आहे का? दाजी म्हणाले, पुढचा प्रश्न. खोलीतली खसखस विरली होती. गुळगुळीत दाढीवाला खाली बसला. त्यालाही बहुधा आपण कशावर पाय दिला ते कळलं असावं. छोटी मात्र पर्समध्येच होती. सगळे उठून गेल्यावर तिने डोकं वर काढलं, तेव्हा एक सफाईवाली बाई खुर्च्या सरळ करत होती. तिने विचारलं की काही हरवलंय का? छोटी म्हणाली, नाही, सापडलं.

त्या दिवशी ती दाजींना न भेटताच घरी गेली. पुढे ज्या ज्या वेळी तिला स्वतःची लाज वाटली, त्या त्या वेळी डोळ्यांपुढे गेम आला नाही, ते वाक्यही नाही, ती उघडी पर्स आली.

सोमवारी सकाळी ती सरावाच्या मैदानावर गेली. बाकीचे खेळाडू पलीकडे धावत होते. लंबू एकटा भिंतीवर चेंडू मारत होता आणि परत आलेला झेलत होता. छोटीने जवळ जाऊन आपण कोण ते सांगितलं. दाजींची मेहुणी, आणि ते वाक्य लिहिणारी. माफी मागायला आले आहे म्हणाली. लंबूने चेंडू झेलला आणि छातीशी धरून उभा राहिला.

"मी सरांना विचारून विचारून थकलो," तो म्हणाला. "त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही."

छोटीने सांगितलं की त्यांना ठाऊक नव्हतं मी लिहिणार आहे ते. त्यांच्या मनाला लागलं होतं, म्हणून ते घरच्या माणसाशी बोलले. दोष त्यांचा नाही.

 लंबूने विचारलं, "बाकी सगळं बदललंत. ते वाक्यच का ठेवलंत?"

"त्याहून चांगलं मला सुचलं नाही."

हे ऐकून तो हसेल किंवा भडकेल असं तिला वाटलं. त्याने दोन्ही केलं नाही. तो म्हणाला की मी तुमचा गेम खेळलो. हो, सांगितलं होतं, हे उत्तर दाबलं. पडद्यावर आलं की संघाचा तुमच्यावरचा विश्वास वाढला. "इथे आता मला कुणी मागे पास देत नाही," तो म्हणाला. "घाबरतात, मी काय करीन म्हणून. चेंडू बाहेर मारतात, पण मला देत नाहीत." हे त्याने तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. तिचं काम आहे आणि तिला माहीत असावं, म्हणून सांगितल्यासारखं सांगितलं. मग तो भिंतीकडे वळला. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि छोटीने विचारलंही नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात, पण धरणीला तेवढं एकच काम नसतं. ती चालत बस-स्टॉपवर आली आणि ऑफिसला गेली.

कप्तानाला तिने सांगितलं की तो प्रश्न काढायचा आहे. कप्तान आधी हसला, मग चिडला. अख्ख्या गेममधली लोकांना आवडलेली एकच गोष्ट काढायची म्हणजे स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू मारायचा. कारण काय? छोटीने कारण सांगितलं. गणित्या शेजारीच होता, त्याच्यासमोर सांगितलं, काही न वगळता, पर्ससकट. कप्तान मध्येच उठून दार लावून आला. नंतर तो बऱ्याच गोष्टी बोलला, वकील, नुकसान, क्लबवाल्यांनी दावा ठोकला तर, आणि छोटीला दिसत होतं की तिच्याकडे बघायचं कसं ते त्याला कळत नाहीये. टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता. शेवटी तो म्हणाला, काढा, आणि कुणाला कारण सांगू नका.

गणित्याने त्याच दिवशी काढला. काढताना म्हणाला की मी विचारलं होतं तुम्हाला. एवढंच. केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते छोटीला ठाऊक होतं, पण आपल्या खोटेपणात आणखी किती जणांचे हात बरबटले, याचा तिने तोवर विचार केला नव्हता.

खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केला, मग नवं काहीतरी आलं आणि विसरले. छोटीने पत्रकार परिषदेचं काम सोडलं नाही. सोडलं असतं तर तेही पर्समध्ये डोकं घालणंच झालं असतं. तिने नवे प्रश्न लिहिले, ते पूर्वीइतके चमकदार नव्हते पण कुणाच्या घरातले नव्हते. आणि प्रत्येक प्रश्नाखाली तिने एक जास्तीचं उत्तर घातलं, याबद्दल मी बोलणार नाही. आधीच्या गेममध्ये गप्प बसलं की पत्रकार नाराज व्हायचे, मालकांची मर्जी उतरायची. गणित्याने विचारलं की याला काय आकडा लावू? छोटी म्हणाली की काही लावू नकोस. कुणाचं काही वाढायला नको, काही कमी व्हायला नको. कप्तानाला ते अळणी वाटलं. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी जरा जपूनच बोलत असे, त्यामुळे राहिलं.

हंगाम संपल्यावर लंबूने क्लब सोडला. दूरच्या, खालच्या श्रेणीतल्या एका संघाने त्याला घेतलं. दाजींनीच त्या संघाच्या कोचला फोन करून शब्द टाकला होता, हे छोटीला ताईकडून कळलं. पोरगा जाताना दाजींच्या पाया पडला की नुसताच हात मिळवून गेला, हे ताईला माहीत नव्हतं, आणि दाजींना विचारायची दोघींचीही छाती झाली नाही.

ताई बरेच दिवस आपणहून फोन करत नव्हती. छोटीने केला की कामापुरतं बोलायची. मग एका रविवारी सकाळी फोन आला की जेवायला ये. फोन ठेवता ठेवता ताई म्हणाली, "ये, पण त्यांना फुटबॉलचं काही विचारू नकोस."

छोटी गेली. दाजी स्वयंपाकघरात सिंकखाली अर्धे आत शिरून नळ दुरुस्त करत होते. पाय तेवढे बाहेर. छोटी दारात उभी राहिली. तिने घरून येताना बोलायचं सगळं जुळवून आणलं होतं, पण पायांशी बोलायची तयारी केली नव्हती. तरी ती बोलली. म्हणाली, दाजी, त्या दिवशी मी उठायला हवं होतं.

आतून पान्ह्याचा आवाज थांबला. "हो," दाजी म्हणाले. "मी वाट बघितली."

दुसरं कुणी असतं तर, जाऊ दे म्हणालं असतं. दाजींनी ते म्हटलं नाही, आणि खोटं न बोलल्याबद्दल छोटीला त्यांचे उपकार वाटले, डोळे भरून आले तरी. थोड्या वेळाने आतून हात बाहेर आला. बॅटरी धर जरा, ते म्हणाले, इथे दिसत नाहीये. ती गुडघ्यांवर बसली आणि बॅटरी धरली. दाजी कोपरावर भार देऊन घामाघूम होईपर्यंत खटपट करत राहिले. शेवटी बाहेर आले, केसांत जळमटं, गालावर काळा पट्टा, आणि मोठ्या रुबाबात त्यांनी नळ सोडला. पाणी आधी होतं तिथूनच गळायला लागलं, आणि शिवाय आणखी एका जागेवरून.

ताई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली की कोचसाहेब, बदली खेळाडू बोलवू का? दाजी आधी गंभीर राहिले, मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. ताई हसली. छोटीलाही हसू आलं, अगदी मोठ्याने आलं, आणि हसता हसता तिला वाटलं की इतक्या लवकर हसायचा आपल्याला हक्क नाही. तिने तोंडावर हात ठेवला आणि फरशीवरचं पाणी पुसायला फडकं शोधायला लागली.